दुरून नेम धरणाऱ्यांची कैफियत

'स्नायपर' हा शब्द इंग्रजी खरा, परंतु त्याचे मूळ हिंदुस्थानातील पाणथळीत आहे. अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या चाकरीत आलेले गोरे अधिकारी फावल्या वेळी तळ्याकाठी 'स्नाइप' नावाच्या पक्ष्याची शिकार करीत. आपल्याकडे त्यास पाणलावा म्हणतात. चिखलाच्या रंगात मिसळून बसणारा, माणूस अगदी जवळ येईतो न हलणारा आणि उडाला म्हणजे नागमोडी वळणे घेत जाणारा हा पक्षी टिपणे हे मोठ्या कौशल्याचे काम. १७७० च्या दशकात येथून विलायतेस गेलेल्या पत्रांत या शिकारीस अनुलक्षून 'स्नायपिंग' हा शब्द आढळतो. पुढे तो दबा धरून माणूस टिपणाऱ्यास लागला, आणि आता तो तिसरा अर्थ घेऊन आपल्याच माजघरात परत आला आहे. नातवंडे मोबाइल हाती घेऊन 'पब्जी' किंवा तत्सम खेळात रमलेली असली की 'स्नायपर आहे, खाली बस' अशी आरोळी कानी येते. ही आरोळी इंदूरच्या राजवाड्यामागील वाड्यात जशी ऐकू येते तशीच बेळगावात, बडोद्यात आणि हैदराबादेतही.

या खेळांची निंदा किंवा भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. ते काम करणारे दोन्ही बाजूंस पुष्कळ आहेत. आम्हांस कुतूहल वाटले ते त्यांच्या इतिहासाचे. गेल्या तीस वर्षांत खेळ रचणाऱ्यांनी खऱ्या नेमबाजाची बंदूक घेतली, दुर्बीण घेतली, झाडपाल्याचा पेहराव घेतला आणि सावकाशीने त्याचे गणितही घेतले. परंतु त्याचा जो मुख्य गुण, म्हणजे तासन्‌तास न हलता थांबून राहणे, त्याच्याविरुद्ध मात्र त्यांनी एकामागून एक कायदे केले. आयुष्य सरकारी नियमांच्या सहवासात गेल्यामुळे असेल, पण हा कायदे करण्याचा भाग आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटला. तो समजण्यासाठी आधी खरा नेमबाज कसा होता हे थोडक्यात पाहावे लागेल.

आपल्या देशातील दूरच्या नेमाची सर्वांत प्रसिद्ध कथा चितोडची आहे. १५६७ च्या ऑक्टोबरात अकबराने गडास वेढा घातला. चार महिने सुरुंग आणि तोफा चालल्या. फेब्रुवारी १५६८ मधील एका रात्री, ढासळलेल्या तटाची दुरुस्ती करवून घेणारी एक भारदस्त व्यक्ती मशालींच्या उजेडात दिसली. अकबराने आपल्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीने तिच्यावर नेम धरला. थोड्याच वेळात तट ओस पडला, गडावर जोहाराच्या ज्वाळा दिसू लागल्या, आणि पडलेली व्यक्ती म्हणजे किल्लेदार जयमल राठोड होता असे कळले. ही हकीकत अबुल फजलाची. दरबारी इतिहासकाराची साक्ष हातचे राखून घ्यावी हे खरे, तरी चार महिन्यांचा वेढा आणि एक गोळी हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्या काळच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि शंभर-दीडशे पावलांपलीकडे गोळी कोठे जाईल ते दैवाधीन असे. नळीच्या आत सर्पिल आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत, भोवऱ्यासारखी स्थिर राहून जाते, ही युक्ती जुनीच होती. पण तिचा पल्ला खऱ्या अर्थाने वाढला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. इंग्लंडातील जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाने षट्कोनी नळीची रायफल तयार केली. १८६० साली विम्बल्डन येथे राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते तिचा पहिला बार झाला. रायफल मांडणीवर आधीच पक्की रोखून ठेवलेली होती, राणीसाहेबांनी फक्त रेशमी दोरी ओढली, आणि चारशे यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर गोळी लागली. मोबाइलवरील खेळात खेळणाऱ्याच्या नेमास यंत्र गुपचूप हात देते, त्या सोयीचे हे आद्य उदाहरण मानावयास हरकत नाही. चारच वर्षांनी, ९ मे १८६४ रोजी, अमेरिकेच्या यादवी युद्धात स्पॉट्सिल्व्हेनिया येथे सेनापती जॉन सेजविक आपल्या वाकून चालणाऱ्या शिपायांची थट्टा करीत होता. एवढ्या अंतरावरून शत्रूस हत्तीदेखील टिपता यावयाचा नाही, असे तो म्हणाला. अंतर सुमारे हजार यार्डांचे होते. काही क्षणांतच गोळी त्याच्या डोळ्याखाली लागली.

तथापि या विद्येस शास्त्राचे रूप आले ते पहिल्या महायुद्धात. १९१५ साली फ्रान्समधील खंदकांत जर्मन नेमबाज दुर्बिणीच्या रायफलींनी इंग्रजांची माणसे रोज टिपीत होते. हेस्केथ-प्रिचर्ड नावाचा एक शिकारी, प्रवासी आणि लेखक (हा हॅम्पशायरकडून प्रथम दर्जाचे क्रिकेटही खेळलेला) तेथे पोहोचला आणि त्याने प्रथम दोष काढला तो इंग्रजी खंदकांच्या नीटनेटकेपणात. जर्मनांचा बांध वेडावाकडा, नाना रंगांच्या पोत्यांचा. त्यात एखादे डोके वर आले तरी कळत नसे. इंग्रजांचा बांध मात्र थापीने सारखा केलेला, आणि त्यावर उगवलेले डोके भिंतीवर ठेवलेल्या नारळासारखे स्पष्ट. तपासणीस येणाऱ्या वरिष्ठास बरे दिसावे म्हणून केलेल्या कामाने किती नुकसान होते, याचा अनुभव कचेरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांस असेलच.

प्रिचर्डने कागदाच्या लगद्याची मुंडकी करविली. ती खाचेतील फळीवर बसवून हळूच बांधावर आणावयाची. काहींच्या तोंडात विडी देऊन ती खालून रबरी नळीने ओढावयाची. जर्मनाने गोळी झाडली की ती समोरून शिरून मागून बाहेर पडे. मग त्या दोन भोकांच्या रेषेत पेरिस्कोप लावून पाहिले की गोळी जेथून आली ती जागा नेमकी समोर येई. १९१६ मध्ये त्याने लिंगेम येथे या विद्येची शाळा काढली. तीत नेमबाजीइतकेच, किंबहुना अधिक, निरीक्षणास महत्त्व होते. माणसे जोडीने बसत; एकाच्या हाती दुर्बीण, दुसऱ्याच्या हाती रायफल, आणि जे दिसेल त्याची वहीत नोंद. एका निरीक्षकास शत्रूच्या मोडक्या खंदकावर रोज एक धष्टपुष्ट मांजर ऊन खात बसलेले दिसे. साध्या शिपायांच्या खंदकात एवढे लाडावलेले मांजर कोठून येणार? तेथे अधिकाऱ्यांचे तळघर असले पाहिजे, असा तर्क झाला आणि तोफखान्यास जागेची खबर गेली. रायफल येथे वापरावीच लागली नाही. याच शाळेत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील शिकारी सेवकांचा, चिंध्या आणि गवत लावलेला पेहराव रूढ झाला. 'घिली सूट' हे त्याचे नाव. नातवंडांस विचारा, त्यांना ते ठाऊक असते.

या परंपरेतील सर्वांत थोर नाव फिनलंडच्या सिमो हायहाचे. १९३९-४० च्या हिवाळ्यात रशियाने फिनलंडवर स्वारी केली तेव्हा या ठेंगण्या शेतकऱ्याने सुमारे शंभर दिवसांत पाचशेच्या वर शत्रू टिपले असे मानले जाते. त्याने दुर्बीण वापरली नाही. दुर्बिणीसाठी डोके काही बोटे अधिक वर काढावे लागते, तिची काच चकाकते आणि थंडीत तिच्यावर बाष्प धरते, म्हणून बंदुकीची साधी माशीच त्यास पुरे वाटे. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तो तोंडात बर्फ धरी, आणि बाराच्या झोताने भुसभुशीत बर्फ उडू नये म्हणून नळीपुढील बर्फ आधी थापून घट्ट करी. ६ मार्च १९४० रोजी जबड्यात गोळी लागून तो बेशुद्ध झाला. पण वाचला, आणि २००२ साली ९६ व्या वर्षी वारला.

हे सर्व सोळा आणे इतिहासजमा झाले असे नाही. इंदूरच्या वाचकांस स्मरत असेल, २०२४ च्या मार्चमध्ये सीमा सुरक्षा दलाच्या उपनिरीक्षक सुमन कुमारी या दलातील पहिल्या महिला स्नायपर झाल्या, त्या आपल्याच शहरातील दलाच्या शस्त्रशाळेतून. आठ आठवड्यांचा तो अभ्यासक्रम त्यांनी स्वतः मागून घेतला होता. पंजाब सीमेवर तुकडी सांभाळताना पलीकडच्या स्नायपरचे भय त्यांनी पाहिले होते.

आता पडद्याकडे वळू. 'शूटर' या जातीच्या खेळात खेळणारा आपल्या घरी बसून, एका काल्पनिक शिपायाच्या डोळ्यांनी रणभूमी पाहतो. 'मल्टिप्लेअर' म्हणजे समोर दिसणारा प्रत्येक शत्रू हा कोठेतरी दुसऱ्या घरात बसलेला खराच माणूस असतो. १९९६ साली 'क्वेक' या खेळावर बेतून काही ऑस्ट्रेलियन तरुणांनी 'टीम फोर्ट्रेस' रचला. त्यात वैद्य, अभियंता अशा भूमिका होत्या आणि त्यांत एक स्नायपर होता. या मालिकेत एक मौजेची योजना आहे. चाप लगेच सोडला तर गोळी सौम्य लागते. नेम धरून थांबले तर तिचे बळ वाढत जाते. म्हणजे आरंभी थांबण्यास मोल होते. पण त्याच वेळी नेमाचा एक तेजस्वी ठिपका समोरच्या भिंतीवर उमटतो आणि शत्रूस सावध करतो. पहिला कायदा हा असा झाला.

१९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'काउंटर-स्ट्राइक' काढला. २००० नंतर आपल्या गावोगावी निघालेल्या सायबर कॅफेंत तासाला काही रुपये देऊन पोरे जो खेळ खेळत, तो बहुधा हाच. यातील 'एडब्ल्यूपी' ही बंदूक ब्रिटिश बनावटीच्या आर्क्टिक वॉरफेअर रायफलीवरून घेतलेली. खेळातील ४७५० डॉलर इतकी तिची जबर किंमत, आणि धडावर एक गोळी लागली की खेळ संपला. परंतु येथे गोळीस वजनच नव्हते. चाप ओढला की संगणक डोळ्यापासून एक सरळ रेषा काढी आणि तीत जो प्रथम येईल त्यास गोळी लागली असे मानी. दहा हात आणि हजार हात सारखेच. गुरुत्वाकर्षण नाही, वारा नाही, काळ नाही. तेव्हाच्या यंत्रांची आणि तारांची शक्ती पाहता हे सोयीचे होते. साहजिकच दूरच्या नेमाचे तंत्र भूमितीचे आणि हातचलाखीचे झाले. कोपऱ्यावर नेम रोखून उभे राहणे, डोके ज्या उंचीवर येणार त्या उंचीवरच नळी ठेवणे, चालताना नेम बिघडतो म्हणून चाप ओढण्यापूर्वी पाय थांबविणे, गोळी सुटताच क्षणभर पिस्तूल हाती घेऊन पुन्हा रायफल उचलणे, अशा गोष्टी.

येथेच एक विलक्षण प्रकार उद्भवला, आणि तो कोणी मुद्दाम केलेला नव्हता. इंदूरचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा समोरासमोर आले तर एकाची हालचाल दुसऱ्याच्या पडद्यावर पोहोचण्यास सेकंदाचा काही अंश लागतो. तेव्हा नेम बरोबर कोणाचा, हे मधला संगणक ठरवितो. आणि तो ठरविताना काळ किंचित मागे नेऊन, गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी काय दिसत होते ते पाहतो. परिणाम असा की कोपऱ्यावरून झटकन बाहेर येणाऱ्यास दबा धरलेला मनुष्य आधी दिसतो, आणि दबा धरलेल्यास तो थोडा उशिरा दिसतो. कधी कधी तर भिंतीआड पोहोचलेला मनुष्य भिंतीआडच मरून पडतो. रणांगणावर थांबणाऱ्याचा जो हक्काचा फायदा, तो येथे तारेनेच हिरावून घेतला.

बाकीचे कायदे मात्र बुद्धिपुरस्सर झाले. २००३ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'त मेलेल्या खेळाडूस आपला मारेकरी कोठे लपला होता याचे चित्र लगेच दाखविण्याची प्रथा आली. म्हणजे दुसऱ्या गोळीपूर्वी जागा सोडणे आलेच. २०११ च्या 'बॅटलफील्ड ३'मध्ये मोठ्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याची काच लांबून चकाकू लागली. हायहाने जे कारण देऊन दुर्बीण टाळली, तेच येथे नियम म्हणून लादले गेले. आणि खेळणाऱ्यांच्या भाषेत, एका जागी बसून राहणाऱ्यास 'कॅम्पर' ही शिवी झाली. प्रिचर्डच्या शाळेत त्याच गुणास पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

यास कारण आहे, आणि ते क्षुद्र नाही. खऱ्या नेमबाजाने सहा तास वाट पाहिली तर समोरच्याचे सहा तास वाया जात नाहीत. खेळात दोघेही करमणुकीसाठी आलेले असतात. न दिसणाऱ्या माणसाकडून मरण्यात गंमत नाही, आणि न येणाऱ्या माणसाची वाट पाहण्यातही नाही. तेव्हा नियम करणारा दहा जणांच्या सोयीसाठी एकाच्या स्वभावास मुरड घालतो. आम्हांस यात काही गैर दिसत नाही.

याच काळात दुसऱ्या बाजूने गोळीस वजन येऊ लागले. झेक देशातील एका कंपनीने २००६ साली 'आर्मा' काढला, तो सैनिकी कवायतीच्या फार जवळचा. तिच्याच घराण्यातील प्रणाली काही देशांची सैन्ये शिक्षणासाठी वापरीत. या 'आर्मा'च्या चौकटीत ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाने एक नवा खेळ बसविला, आणि त्याचेच परिणत रूप म्हणजे दक्षिण कोरियात तयार होऊन २०१७ साली आलेला 'पब्जी'. आठ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद बेटावर शंभर माणसे उतरतात आणि शेवटी एक उरतो. यातील मुलांची आवडती 'कार-९८के' ही १९३५ सालची जर्मन माउझर रायफल. ज्या खंदकांविषयी आम्ही वर लिहिले त्यांतील रायफलीची ही धाकटी बहीण.

येथे दूरचा नेम हे गणित होते, आणि ते पोरे न शिकविता करतात. कसे, ते पाहा. गोळी सेकंदास सुमारे ७६० मीटर वेगाने निघते. हवेचा अडथळा सोडून दिला तरी ५०० मीटरांस तिला पाऊण सेकंदास थोडा कमी वेळ लागतो. तेवढ्यात ती खाली येते दोन मीटरांहून अधिक, म्हणजे पुरुषभर. शत्रू आडवा धावत असेल, सेकंदास सहा मीटर, तर तो चार मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून नेम त्याच्या डोक्यावर पुरुषभर उंच आणि चार मीटर पुढे, रिकाम्या आकाशात धरावयाचा. अंतर कळण्यासाठी दुर्बिणीतील खुणांनी माणसाची उंची मोजतात. सैन्यातील माप असे की हजार मीटरांवरील एक मीटर म्हणजे एक 'मिल'. उभा मनुष्य १.८ मीटरांचा धरला आणि तो दुर्बिणीत तीन मिल भरला तर तो ६०० मीटरांवर आहे. त्रैराशिकाचा कंटाळा करणारा आमच्या परिचयातील एक मुलगा हा हिशेब निमिषात करतो हे आम्ही पाहिले आहे, आणि त्याच्या शिक्षकांस कळविलेही आहे.

बाकीचे नियमही जुनेच. डोंगराच्या माथ्यावर उभे राहू नये, आकाशावर आकृती उठून दिसते. उताराच्या अलीकडे राहावे. श्वास रोखून, दुर्बीण स्थिर झाली की चाप ओढावा. एक गोळी झाली की जागा बदलावी. आणि एक तंत्र असे आहे की ते ऐकून आम्ही थोडे गप्प झालो. चौघांच्या संघात घायाळ झालेला गडी लगेच मरत नाही, रांगत राहतो. त्यास ठार न करता तसाच ठेवावयाचा, म्हणजे त्यास उचलण्यास दुसरा येतो, मग त्याचा नेम. खेळात ही बुद्धिबळातील खेळी आहे. खऱ्या युद्धांत स्नायपर पकडला गेला तर त्यास कैदी न करता तेथेच संपविण्याची जी वृत्ती दोन्ही पक्षांत होती, तिच्या मुळाशी याच जातीची कृत्ये होती.

दबा धरणाऱ्याविरुद्धचा सर्वांत कडक कायदाही 'पब्जी'चाच. बेटाभोवती एक वर्तुळ आखलेले असते आणि ते ठराविक वेळाने आकसत जाते. बाहेर राहील तो हळूहळू मरतो. कितीही उत्तम जागा मिळो, ती सोडावीच लागते. बदलीचा हुकूम येणाऱ्या आमच्यासारख्यांस हे वर्तुळ समजावून सांगावे लागत नाही.

खेळाबाहेरचे सरकारही स्वस्थ बसले नाही. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली 'पब्जी'वर बंदी घातली आणि काही तरुणांस अटकही झाली. हे कलम आम्ही दंगलीच्या, मिरवणुकीच्या संदर्भात वाचले होते. चार मित्र चार घरांत बसून जमाव कसा होतो हा प्रश्न विधिज्ञांसाठी सोडतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने चीनशी संबंध असलेल्या ११८ ॲपांबरोबर त्याची मोबाइल आवृत्ती बंद केली, ती देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव. जुलै २०२१ मध्ये खेळ 'बीजीएमआय' या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अडला, मे २०२३ मध्ये पुन्हा सुटला. नव्या अवतारात अज्ञान मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा आली, आणि रक्ताचा रंग हिरवा झाला.

इतके कायदे झाले, पण एक गोष्ट आम्ही चौकशी केलेल्या कोणत्याही खेळात आढळली नाही, ती म्हणजे नेम धरून गोळी न झाडल्याबद्दलचा गुण. ११ सप्टेंबर १७७७ रोजी अमेरिकेत ब्रँडीवाइन नदीकाठी पॅट्रिक फर्ग्युसन हा स्कॉटिश कप्तान, स्वतः सुधारलेल्या रायफली घेतलेल्या आपल्या शिपायांसह झाडीत दबा धरून होता. दोन शत्रू घोडेस्वार जवळ आले. एक भपकेबाज पोशाखाचा, दुसरा गडद रंगाचा कोट आणि उंच टोपी घातलेला. प्रथम त्याने तिघांस गोळी घालण्यास सांगितले, मग ते किळसवाणे वाटून हुकूम परत घेतला. त्याने पुढे होऊन हाक दिली. टोपीवाल्याने वळून पाहिले, क्षणभर थांबला आणि शांतपणे घोडा हाकीत निघून गेला. त्या अंतरावरून त्यास अनेक गोळ्या घालता आल्या असत्या, असे फर्ग्युसननेच पुढे पत्रात लिहिले. परंतु पाठ फिरवून आपले काम निमूट करणाऱ्या माणसावर गोळी झाडणे त्यास रुचले नाही. त्याच लढाईत त्याच्या उजव्या कोपरात गोळी लागून हात कायमचा निकामी झाला. इस्पितळात एका शल्यवैद्याने त्यास सांगितले की तो टोपीवाला जॉर्ज वॉशिंग्टन होता. तो खरोखर वॉशिंग्टनच होता का, यावर इतिहासकारांत अद्याप एकमत नाही. हे कळल्यावरही, तो कोण होता हे त्या वेळी ठाऊक नव्हते याचे आपणांस वाईट वाटत नाही, असेच फर्ग्युसनने लिहिले. तीन वर्षांनी, ७ ऑक्टोबर १७८० रोजी, किंग्ज माउंटनच्या टेकडीवर डाव्या हाताने तलवार चालविताना झाडांआडून आलेल्या अनेक रायफलींच्या गोळ्यांनी तो घोड्यावरून पडला.